बाबांची बाराबोर आणि आईची सती

बाबा गेल्यावर त्यांच्या चष्म्याला, टोपीला किंवा दाराआडच्या छत्रीला कोणी परवाना विचारला नाही. बंदुकीला मात्र विचारला.

ठाण्याचे जमादार आले, बाबांच्या फोटोसमोर टोपी काढून उभे राहिले, चहा प्याले आणि बंदूक चादरीत गुंडाळून घेऊन गेले. "पुंजाजी लय चांगले मानूस होते," ते म्हणाले, "पन गेलेल्या मानसाच्या नावावरची बंदूक घरात ठेवता येत नाही, ताई." मला पावती मिळाली : 'एक नग दुनळी बाराबोर, जुनी.' मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. आयुष्यभर लोकांकडून वस्तू जमा करून घेतल्या आणि पावत्या फाडल्या. पावती घेणाऱ्याच्या बाजूने खिडकी कशी दिसते ते त्या दिवशी कळलं.

मुदतीत वारसाने परवाना नावावर करून घेतला तर बंदूक परत मिळेल, नाही तर ती सरकारजमा होऊन शेवटी भट्टीत जाईल, असं जमादारांनी सांगितलं. 'भट्टी' ऐकल्यावर आई उठून आत गेली. त्या बंदुकीच्या दस्त्यावर बाबांचा गाल टेकायचा तेवढ्या जागेचं पॉलिश उडालेलं आहे. परवाना काढायचाच, हे माझं तिथेच ठरलं.

बाबांनी ती बंदूक जवळजवळ उडवलीच नाही, हेही सांगायला हवं. आमचं घर धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या एका गावात, अगदी शेवटचं. शेजारी भिंतीला लागून नारायणकाकांचं घर आणि अंगणापलीकडे मका. मक्यात रानडुकरं शिरली की बाबा बंदूक घेऊन अंगणाच्या टोकाशी उभे राहत आणि आधी ओरडत, "कोन हाये हो तिकडं? बोला, नाही तं निंघा!" मग थांबत. मग पुन्हा ओरडत. डुकरं सभ्य असावीत. बोलत नसत, निघून जात. गावात म्हणायचे, पुंजाजीचा बार तोंडातूनच निघते. मला शाळेत असताना त्या ओरडण्याची लाज वाटायची. आता त्या घरात आम्ही दोघी बायका होतो, आणि मका शांत होता.

माझा निर्णय जाहीर झाल्याबरोबर सल्ले आले. पहिला अर्थातच नारायणकाकांचा, कारण त्यांना फक्त कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकायचे असतात. "शीले, बंदूक कायले पायजे तुले? कुत्रं पाळ."

"कुत्रं भुंकतं हो काका. मला वाचायचं असतं."

"मंग कॅमेरा लाव."

"कॅमेरा चोराचा फोटो काढील. चोर काढायचा आहे."

काकांनी आवाज खाली आणला. "मंग लगन कर. बंदुकीले लायसन लागते, नवऱ्याले काई लागत नाही."

"म्हणूनच तर भीती वाटते," मी म्हणाले. त्यावर माझी आई, जनकाबाई, दाण्याचं कूट करता करता इतकी हसली की बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली हे आम्हा दोघींच्याही उशिरा लक्षात आलं.

जिल्ह्याच्या कचेरीत अर्जावर 'शस्त्र कशासाठी हवे' असा प्रश्न होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं : 'वडिलांची आठवण.' कारकुनाने अर्ज परत सरकवला. "मॅडम, आठवणीसाठी फोटो असतो."

मी 'स्वसंरक्षण' लिहिलं.

"कोणापासून?"

"अजून ओळख झालेली नाही."

त्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू समाजाचंच माझ्यापासून संरक्षण व्हायला हवं. मग दोन गोष्टी आणायला सांगितल्या : बंदूक नीट हाताळता येते असा प्रशिक्षणाचा दाखला, आणि घरचं वातावरण चांगलं आहे असा पोलिसांचा अहवाल. दुसरी गोष्ट सोपी आहे असं मला वाटलं. आमच्या घरचं वातावरण इतकं चांगलं होतं की त्यात काही घडतच नसे.

बुलढाण्याबाहेर पठारावर एका बंद पडलेल्या गिट्टीखदानीत नेमबाजीचा क्लब चालतो. तिथले गुरू म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार चंद्रशेखर सर. मिशा पांढऱ्या, पाठ सरळ, आवाज असा की खदानीला वाटावं सुरुंग लावला. पहिल्या रविवारी त्यांनी बंदूक दाखवलीसुद्धा नाही.

"मॅडम, आत येताना फाटकापाशी काय होतं?"

मी आठवून पाहिलं. "फाटक."

"म्हैस होती. तुमच्या ओढणीचं टोक ओलं आहे ना? ते तिनं चघळलं. तुम्ही कुठं होता?"

मी एका पुस्तकाच्या तळटीपेत होते. पण हे सैनिकाला सांगण्यासारखं नव्हतं.

"सिच्युएशनल अवेअरनेस," सर म्हणाले. "जिथं आहात तिथं असायचं. माणसाचा चेहरा नंतर बघा. आधी हात, मग बाहेर पडायची वाट. आणि बंदूक धरली की निशाण्याच्या पाठीमागे काय आहे ते बघा. निशाण्याकडे कोणीही बघतं. मागे बघेल त्याच्याच हाती बंदूक शोभते." आणि त्यांनी मला गृहपाठ दिला : आठवडाभर जगाकडे लक्ष द्या.

मी दिलं. त्याचा जगाला त्रास झाला. राजूर घाट उतरताना एसटीत एक माणूस सारखा माझ्या पिशवीकडे बघत होता. मी त्याचे हात पाहिले. वाट पाहिली. जागा बदलली. तोही उठून माझ्या मागे आला. मी छत्री दोन्ही हातांनी धरून उभी राहिले आणि म्हटलं, "काय पाहिजे?" सगळी बस वळली. तो बिचारा म्हणाला, "ताई, तुमच्या पिशवीतून लोनच्याचं तेल गळून राह्यलं. माह्या पँटवर आलं, म्हनून सांगाले आलो." मग मोताळ्यापर्यंत माझ्यावरच सगळ्या बसचं लक्ष होतं.

हॉटेलात बसायचं तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे, असा सरांचा नियम. आमच्या स्टँडवरच्या हॉटेलात अशी एकच जागा आहे, ती गल्ल्याची. मालक समजूतदार निघाला. "बसा मॅडम. पन गिऱ्हाइकाले सुट्टे देत जा." मी चहा पिता पिता अर्धा तास हॉटेल चालवलं. माझ्यावर हल्ला झाला नाही. फक्त एका गृहस्थाने भजी थंड असल्याचं मला सुनावलं.

पुढच्या रविवारी बंदूक हातात आली. क्लबचीच, पण बाबांच्या बंदुकीसारखी बाराबोर दुनळी. समोर मातीच्या उंच बांधापुढे फुटकी मडकी ओळीने मांडलेली. सरांनी दस्ता खांद्याला घट्ट लावायला सांगितला. मी घट्ट लावला. म्हणजे पुस्तक छातीशी धरतात तितका. धाडकन आवाज झाला. आकाश दिसलं. चष्मा नाहीसा झाला. बांधामागून दोन टिटव्या शिव्या देत उडाल्या. मी मधल्या मडक्यावर नेम धरला होता. फुटलं होतं अगदी डावीकडचं.

"छर्रे पसरतात, मॅडम," सर शांतपणे म्हणाले, "पण इतके नाही."

खांदा जांभळा झाला. आई रोज हळद-तेल चोळायची आणि पुटपुटायची. पण रविवारमागून रविवार गेले, तशी मडकी मी म्हणेन त्या क्रमाने फुटू लागली. मी वर्षानुवर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेली बाई. मडकं फुटल्यावर जो आवाज व्हायचा त्याने मला किती बरं वाटायचं, हे इथे सांगत नाही. कॉलेजातली मुलं हे वाचतील.

घोटाळा झाला तो आईमुळे, आणि तोही तिच्या विद्वत्तेमुळे.

खांद्याला तेल लावताना ती म्हणाली, "तो सुभेदार शिकवतो तरी काय?" मी सांगितलं, जिथं आहोत तिथं पूर्ण जागं राहायचं, हात, वाट, पाठ, सगळं ध्यानात ठेवायचं.

आईचा हात थांबला. "अवं, म्हंजे सती! भंतेजी सांगतेत तेच हे. सम्मा सती. सदा सावध मन." पाली भाषेत सती म्हणजे स्मृती, सजगता, आमच्या विहारात तो शब्द दर पौर्णिमेला कानावर पडतो. आईला फार आनंद झाला. सुभेदार पगार घेऊन सांगतो ते आपल्याला फुकट ठाऊक आहे, हे कळल्यावर कुणालाही होईल. दुसऱ्या दिवसापासून तिने मनावर घेतलं. भाकरी थापताना भाकरी, झाडताना झाडू, आणि मधूनच डोळे मिटून बसणं.

हे काकांना भिंतीवरून दिसलं. "वहिनी, काय चालू हाये?"

"सती करून राह्यली, भाऊ," आई प्रसन्नपणे म्हणाली. "शीलाचे बाबा गेले तवापासून जिवाले चैन नव्हतं. आता बरं वाटते."

काकांचे कोपर भिंतीवरून घसरले. "सती? पोरीले ठाऊक हाये?"

"तिनंच तं सुरू करून देल्ली. पुनवेपर्यंत पक्कं होईन."

आता त्या दिवशी आमच्या अंगणात काय काय होतं ते पाहा. बाबांच्या वर्षाचं पुण्यानुमोदन, म्हणजे वर्षश्राद्धाऐवजी आमच्यात होतो तो स्मरणविधी, पुढच्या पौर्णिमेला होतं, म्हणून स्वयंपाकाच्या चुलीसाठी तुराट्यांचा पुरुषभर ढीग रचलेला. बाजूला तेलाचा डबा. दोरीवर आईचं नवंकोरं पांढरं पातळ वाळत घातलेलं. नारायणकाका चाळीस वर्षांचे शेजारी. बाबांच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता. त्यांनी सायकल काढली आणि घामाघूम होऊन ठाणं गाठलं.

जमादार एका महिला शिपायाला घेऊन आले तेव्हा आई डोळे मिटून बसलेलीच होती. शिपाई बाईने तिला मागून मिठी मारली आणि जमादारांनी तेलाचा डबा जप्त केला.

पुढचं एक मिनिट मला नीट सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. खुलासा झाल्यावर मात्र एकटी आई बोलत होती. "आमच्या घरी? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसत नाही का तुमाले? मी जाईन त्या रस्त्यानं? मले अजून कापूस येचाचा हाये!"

जमादार डबा ठेवत म्हणाले, "माफी असावी, मावशी. पन काकांच्या जबाबावरून अहवाल आधीच वर गेला." अहवालात लिहिलं होतं : 'अर्जदाराच्या घरातील वातावरण संशयास्पद असून, घरात एक इसम जिवाचे बरे-वाईट करण्याच्या तयारीत आहे.' अशा घरात बंदूक कोण देणार? मुदत जवळ आली होती. ज्यांनी जबाब दिला त्यांनीच तो बदलला, तर नवा अहवाल पाठवता येईल, असं जमादार म्हणाले.

मी भिंतीपाशी गेले. काकांना खरा अर्थ समजावून सांगितला, पालीतला, संस्कृतातला, व्युत्पत्तीसकट. ही माझी चूक. व्युत्पत्ती ऐकल्यावर कुठलाही स्वाभिमानी माणूस माघार घेत नाही.

"मी कानानं ऐकलं ते सांगतलं," काका म्हणाले. "शब्द सतीच व्हता का नाही?"

"होता, पण—"

"मंग? मी खोटारडा का? मी तं जीव वाचवाले गेलो व्हतो. नेकी गेली पान्यात!" आणि घरात जाऊन त्यांनी आमच्या अंगणाकडची खिडकी लावून घेतली. ही खिडकी बंद होते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

माझी दाखल्याची परीक्षा पुढच्या रविवारी होती. जमादारांनी तोडगा काढला : ते स्वतः खदानीवर येतील, मला पाहतील, आईला पाहतील आणि काकांचा जबाबही तिथेच घेतील. काका यायला तयार झाले, ते केवळ पोलिसांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायला मिळतं म्हणून. आई मुद्दाम तेच पांढरं पातळ नेसली. घाटात जीप थांबली, गरम भजी आली. मी मनातल्या मनात मडकी मोजत होते. माझी प्लेट काकांनी संपवली. भांडण असलं तरी अन्नावर राग नसतो. आईने नको म्हटलेलीही त्यांनीच संपवली.

खदानीत मडकी मांडली होती. सरांनी लाल झेंडा लावला, सगळ्यांना मागे उभं केलं. जमादार, आई, क्लबमधली चार माणसं. मी काडतुसं भरली. दस्ता खांद्याला लावला. मला त्या क्षणी फक्त एवढंच दिसत होतं की ही पाच मडकी फुटली तर ती दुसरी बंदूक, पॉलिश उडालेली, घरी येते. आणि नाही फुटली तर भट्टी.

"तयार!" सर गरजले. "मारा!"

बांधामागे टिटवी ओरडली.

मी अजून बार काढलाच नव्हता. मग ती कशाला ओरडली? आधी हात, मग वाट, मग निशाण्याची पाठ. मी मडक्यावरची नजर उचलून बांधाच्या वर नेली. दोन्ही टिटव्या एकाच जागेवर घिरट्या घालत होत्या.

मी नळी खाली केली.

"मॅडम, मारा!" सर म्हणाले. "वेळ चालू आहे."

"मागे काहीतरी आहे, सर."

"मागे खड्डा आहे. मी स्वतः पाहिलाय. मारा, नाही तर नापास लिहावं लागेल."

मागून कोणीतरी हसलं. जमादारांनी पेन काढलं. मला वाटलं, संपलं; बाई घाबरली असं आता जिल्हाभर होईल. तरीही माझं बोट चापावर जाईना. आणि मग ते माझ्या तोंडून निघालं. मी काढलं नाही, ते निघालं. पोटातून, खदान घुमवत, ज्याची मला शाळेत लाज वाटायची तेच, त्याच पट्टीत :

"कोन हाये हो तिकडं? बोला, नाही तं निंघा!"

खदानीने ते परत म्हटलं. आईने तोंडाला पदर लावला.

मग बांधामागून आवाज आला, "मी हाये वं! मी, नारान! बार नको काढू, माय!" आणि मडक्यांच्या बरोब्बर मागे, बांधाच्या डोक्यावर, नारायणकाका उगवले. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पायजम्याची नाडी. घाटातल्या तीन प्लेट भज्यांनी आपलं काम केलं होतं. ते मागच्या पायवाटेने कधी सटकले ते कोणालाच दिसलं नव्हतं. बांध मोठा होता, छर्रे बहुतेक मातीतच गेले असते. पण उभं राहायची वेळ जरा इकडे-तिकडे झाली असती तर, हा हिशेब तिथल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

सरांच्या मिशा पहिल्यांदाच थोड्या खाली आल्या. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मैदान रिकामं आहे हे बघणं माझं काम होतं. मॅडमनी केलं." ते माझ्याकडे वळले आणि कडक सलाम ठोकला. खदानीतला तो सलाम मी अजून कुठे ठेवावा ते ठरवलेलं नाही.

मग काकांना आमच्या बाजूला घेतलं, त्यांच्या कमरेची व्यवस्था झाली आणि मी पाचही मडकी फोडली. डावीकडून उजवीकडे, सांगून. शेवटचं फुटलं तेव्हा काकांनीच सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

जमादारांनी वही मांडीवर घेतली. "बोला काका. नवा जबाब."

काकांनी पायजम्याची नाडी पुन्हा एकदा तपासली. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लिवा साहेब. मी आज मेलो व्हतो. मले सतीनं वाचवलं."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा सती?"

"हाव! पुनवेची सती, भंतेजीची!" काका उसळून म्हणाले. "तुमाले समजत नाही का हो? म्हंजे ध्यान ठेवनं. पाली भाषेतला शब्द हाये तो." आणि त्यांनी जमादारांना व्युत्पत्ती सांगितली. माझीच, शब्दशः. आई पाठ वळवून हसत होती. खांदे हलत होते म्हणून कळलं.

पौर्णिमेला पुण्यानुमोदन झालं. जेवायला जमादार आणि सरही होते, आणि वाढायला काका होते. त्याच आठवड्यात बंदूक घरी आली. आईने चादर सोडली, दस्त्यावरच्या त्या उडालेल्या जागेवरून एकदा बोट फिरवलं आणि कापूस वेचायला गेली. मी तिथे पॉलिश करणार नाही.

परवा दिवेलागणीला मका हलला. मी बंदूक घेतली आणि अंगणाच्या टोकाशी, बाबा उभे राहायचे तिथेच उभी राहिले. काडतूस भरलं नव्हतं. बाबांचंही बहुधा नसायचं, असा मला आता दाट संशय आहे. पोटातून श्वास घेतला आणि ओरडले, "कोन हाये हो तिकडं? बोला, नाही तं निंघा!"

मक्यातून डुकरं सभ्यपणे निघून गेली. आणि भिंतीपलीकडून, बंद खिडकीच्या आतून, घाईघाईने उत्तर आलं :

"मी घरी हाये वं, शीले! घरीच हाये!"